दोन शब्दांचे मोल

‘अमक्यास एमपीडीए लागला’ हे वाक्य यवतमाळच्या बाजारपेठेत आता नवे राहिलेले नाही. ते ऐकून सभ्य गृहस्थ सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुन्हा आपल्या वहीखात्याकडे वळतात. गुंडाचा बंदोबस्त झाला, यात वाईट ते काय? गुंडांचा पुळका आम्हांसही नाही. परंतु हा बंदोबस्त ज्या १९८१ च्या कायद्याने होतो, तो व्यापारी वाचकांनी एकवार डोळ्यांखालून घालावा अशी आमची विनंती आहे. झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्या पंक्तीस मागाहूनच्या दुरुस्त्यांनी वाळूतस्कर आणि जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारेही आणून बसविलेले आहेत. तेव्हा ही पंगत दुसऱ्याची, आपला तिच्याशी संबंध नाही, असे समजण्याचे कारण नाही.

या कायद्याखाली जिल्हादंडाधिकाऱ्याचा हुकूम झाला की मनुष्य स्थानबद्ध होतो. आरोपपत्र नाही, साक्षीदाराची उलटतपासणी नाही, न्यायाधीशाचा निकालही नाही. हुकमास बारा दिवसांत सरकारची मंजुरी, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे, आणि मंडळाने होकार दिला म्हणजे कैद बारा महिन्यांपर्यंत. या मंडळापुढे वकील नेण्याचा हक्क स्थानबद्धास नाही! खुनाच्या आरोपीस जो हक्क आहे तो ज्याच्यावर खटलाच भरलेला नाही अशास नसावा, हे आम्हां वकिलीचा धंदा करणाऱ्यांसही समजावून सांगणे जड जाते.

लिखित राज्यघटना असलेल्या देशात असे कसे घडू शकते? याचे उत्तर शोधू जाता अमेरिकेच्या घटनेपर्यंत मागे जावे लागते. कायदेमंडळ कितीही लोकनियुक्त असो, त्याच्या डोक्यावर घटना नावाचा वरचा कायदा आहे, आणि त्याच्याशी विसंगत असलेला कायदा न्यायालयाने रद्दबातल समजावा, हे तेथील सरन्यायाधीश मार्शल यांनी १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात ठरवून दिले. यासच ‘न्यायालयीन पुनर्विलोकन’ म्हणतात. शब्द बोजड आहे खरा, पण त्याचे मोल आपल्या जिल्ह्याने एकदा अनुभवाने जाणलेले आहे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला आणि सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. बापूजी स्वतः यवतमाळचे नाणावलेले वकील. परंतु रयतेच्या मूलभूत हक्कांशी ताडून जंगलचा कायदाच रद्द करील, असे न्यायपीठ तेव्हा हिंदुस्थानात नव्हते. गवत कापले की नाही, एवढाच प्रश्न न्यायासनापुढे येऊ शकत होता. १९५० च्या घटनेने ही उणीव भरून काढली. तिच्या १३ व्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत् ठरविले, हे थोडे झाले नाही.

मात्र एका ठिकाणी हात आखडला गेला. अमेरिकेच्या १७९१ सालच्या पाचव्या दुरुस्तीने संघसरकारास, आणि १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीने घटक राज्यांस असे बजावले आहे की, ‘ड्यू प्रोसेस’ म्हणजे उचित न्यायप्रक्रियेवाचून कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. हे दोन शब्द आपल्या घटनेच्या आरंभीच्या मसुद्यातही होते. घटना-सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेस गेले, तेथे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांची चर्चा झाली, आणि १९४८ च्या मसुद्यात त्या शब्दांच्या जागी ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हा जपानच्या घटनेतील शब्दप्रयोग आला. भीती अगदीच निराधार नव्हती. न्यूयॉर्कमधील पाव भाजणाऱ्या मजुरांस दिवसाचे दहा तासांहून अधिक राबवू नये, हा कायदा तेथील न्यायालयाने १९०५ साली याच दोन शब्दांच्या आधारे मोडून काढला होता. आपल्याकडे जमीनसुधारणेचीही तीच गत होईल, ही धास्ती आम्ही समजू शकतो. पण जमीनदाराच्या मालमत्तेची चिंता करताना गरिबाचे अंगही उघडे पडले.

डॉ. आंबेडकरांस हे डाचत होते. म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी आजचा २२ वा अनुच्छेद मांडला. अटक झालेल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे आणि वकील देणे ही हमी त्यात आली. परंतु स्थानबद्ध मात्र या हमीतून वगळला गेला. त्याच्या वाट्यास कारणे कळण्याचा व अर्ज करण्याचा हक्क आणि सल्लागार मंडळ एवढेच आले. १९५० च्या गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेने ठरविली तीच कार्यपद्धती असे म्हटले. १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात ती न्याय्य, वाजवी व रास्त असली पाहिजे असे म्हणून वगळलेले शब्द जणू मागील दाराने घरात घेतले. अमेरिकेचेही सारेच सोने आहे असे नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक लोकांस छावण्यांत डांबले गेले, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. आणि ज्या हुकमांनी त्यांस घरादारांतून हुसकले, ते हुकूम १९४४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. आपल्याकडे १९७६ साली, आणीबाणीत, ‘हेबियस कॉर्पस’चा, म्हणजे बंदिवानास न्यायालयापुढे आणून कैदेचे कारण दाखविण्याचा, दरवाजाच बंद झाला होता.

त्या अनुभवाने पोळून संसदेने १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती संमत केली. तिच्या ३ ऱ्या कलमान्वये सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनांवर यावयाची होती, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमून त्याचे अध्यक्षपद विद्यमान न्यायमूर्तीकडे द्यावयाचे होते. हे कलम आजतागायत अंमलात आलेले नाही! सरकारास त्यासाठी नवा कायदा करावयाचा नाही, फक्त एक अधिसूचना काढावयाची आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ए. के. रॉय खटल्यात तसा आदेश सरकारास देण्यास नकार दिला. मधल्या काळात केंद्रात सर्व पक्षांची सरकारे येऊन गेली, आणि या एका बाबतीत त्यांचे मतैक्य अबाधित राहिले.

आमचे मागणे मोठे नाही. यवतमाळ, पुसद व वणी येथील वकील संघांनी आणि व्यापारी मंडळांनी ठराव करून जिल्ह्याच्या खासदारांकडे पाठवावेत: ३ रे कलम अंमलात आणा, आणि मंडळापुढे स्थानबद्धास वकील द्या. आज त्यास नागपूरच्या खंडपीठापुढे रिट अर्ज करता येतो, हे खरे. पण वकिलाची फी जुळवून तो अर्ज सुनावणीस येईपर्यंत मजुराचे किती महिने तुरुंगात जातात, हे या ठराव करणाऱ्या वकिलांहून अधिक कोणास ठाऊक असणार?