परसातील कोंबड्या, गांडूळखत आणि घरातील ज्येष्ठ

'वडिलांची सत्तरी उलटली. कोंबड्यांचा आणि शेणखताचा हा व्याप आता बंद करा, असे तुम्हीच त्यांना सांगा,' अशी विनंती तीर्थपुरी परिसरातील मुले-सुना माझ्याकडे नेहमी करतात. त्यामागची काळजी खरी असते. परंतु जन्मभर शेतात राबलेल्या माणसाच्या हातून शेवटचे कामही काढून घेतले, की उरते ती केवळ बाज. चालणे घटते, स्नायू झिजतात, भूक मंदावते. आणि ज्या पडण्याच्या भीतीने काम थांबवले, तेच पडणे अधिक जवळ येते. म्हणून माझे सांगणे असे, की काम बंद करू नका, कामाची वाटणी करा.

या व्यापातून घराला मिळते काय, ते आधी पाहू. उतारवयात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज साधारण 1 ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. दात सैल झालेल्या माणसाला केवळ भाकरी-वरणावर हे जमत नाही. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रथिने आणि बी-12 जीवनसत्त्व मिळते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. म्हणजे पाच-सहा कोंबड्यांत आजोबांचे रोजचे एक अंडे निघते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे. माळकरी घरात अंडे चालत नसेल, तर गांडूळखताचा वाफा आणि त्यावर पोसलेली पालेभाजी हाच व्याप पुरेसा आहे.

आता वाटणी. दाणे टाकणे, पाणी बदलणे, अंडी गोळा करणे, भाजीची देठे-साले वाफ्यावर पसरणे आणि ओल राखण्यासाठी पाणी शिंपडणे, ही कामे ज्येष्ठांची. खुराडे झाडणे, शेणाच्या पाट्या उचलणे आणि मेलेला पक्षी पुरणे, ही कामे तरुणांची. खुराड्याचे दार आणि गांडुळांचा वाफा कमरेच्या उंचीवर बांधून घ्या. वाकण्याचा आणि तोल जाण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

वाफ्याचे तंत्र अवघड नाही. सावली, ओलसरपणा आणि अर्धवट कुजलेले शेण एवढे मिळाले, की दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. आपल्याकडच्या वैशाखात वाफ्यावर ओले गोणपाट हवेच. कोंबड्यांची ताजी विष्ठा वाफ्यात टाकू नये. तिच्यातील अमोनियाने आणि उष्णतेने गांडुळे मरतात. ती आधी वेगळ्या खड्ड्यात कुजू द्यावी. वाफ्यावर जाळी असावी, कारण कोंबड्या तो उकरून रिकामा करतात. शिवाय त्यांच्या विष्ठेतील जंतांची अंडी मातीतून गांडुळात आणि गांडुळातून पुन्हा कोंबडीच्या पोटात जाऊ शकतात.

आरोग्याची पथ्ये मोजकी, पण सक्तीची आहेत. मधुमेह्याने अनवाणी पायाने शेणखतात उतरू नये. पायाची बारीक जखम त्याला कळतही नाही. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. दमेकऱ्याने खुराड्याच्या धुळीपासून दूर राहावे, आणि झाडणाऱ्याने आधी पाणी शिंपडून, नाकातोंडाला फडके बांधूनच झाडावे. दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. म्हणून संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय खुराड्यात हात घालू नये. दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची जुनी रीत सोडावी. साल्मोनेला नावाच्या जिवाणूमुळे होणारे जुलाब वृद्धांना फार जड जातात. अंडे पूर्ण उकडावे, आणि खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवावेत.

एक इशारा गांभीर्याने घ्यावा. बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला; जानेवारी 2021 मध्ये तो शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी आढळला. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या, तर 'मानमोडी असेल' असे म्हणून त्या कापू नका, शिजवू नका, उघड्या हाताने उचलूही नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवा. त्यानंतर घरात कोणाला ताप, खोकला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना कोंबड्यांची हकिकत आवर्जून सांगा. निदानाची दिशा त्यावरून ठरते.

एवढे सांभाळले, तर आजोबांच्या हातातील दाण्यांची वाटी काढून घेण्याचे कारण नाही. सकाळी खुराड्यापर्यंत चालत जाणे हा त्यांचा व्यायामच आहे. एखाद्या दिवशी ते उठून तिकडे गेले नाहीत, तर मात्र का गेले नाहीत, याची त्याच दिवशी चौकशी करा. दुखण्याची पहिली खूण पुष्कळदा तीच असते.