होडी बांधायची कुठे?

मासेमाराच्या घरात पैसा आला की आधी इंजिन बदलतं, मग जाळं, मग मासे दाखवणारं यंत्र. नांगराचा दोर मात्र तोच, तीन ठिकाणी गाठी मारलेला. मी शाळामास्तर, दर्यावर्दी नव्हे. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या वह्या आणि ईदचे कपडे त्याच दोराला बांधलेले असतात, म्हणून बोलतो.

पूर्वी हिशेब सोपा होता. पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारली की काळजी मिटली. आता ‘फयान’ 2009 च्या नोव्हेंबरात आलं, ‘क्यार’ 2019 च्या ऑक्टोबरात, ‘तौक्ते’ 2021 च्या मेमध्ये. तिन्ही वेळा दिवस होडी पाण्यात असण्याचे. मासेमारीबंदी 1 जूनला लागते, वादळ त्याआधीच येऊन जातं.

जागा निवडताना आपण घराजवळची बघतो. बघायला हवा तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याला आडोसा, ओहोटीला उरणारं पाणी, आणि होडी गोल फिरली तर शेजारची लागेल का ते. हर्णैचंच घ्या. किनारा उघडा. वारा वाढला की नौका आंजर्ले खाडीकडे धावतात, तर खाडीच्या मुखाशी गाळ!

कायमच्या नांगराला नुसता दोर पुरत नाही. तळाशी जड साखळी हवी, तिच्या वजनामुळे होडीचा झटका नांगरापर्यंत कमी पोहोचतो. लांबी भरतीच्या पाण्यावर मोजायची. ओहोटीला चार आणि भरतीला सात मीटर पाणी असेल तर तिप्पट साखळी म्हणजे निदान 21 मीटर, 12 नव्हे. साखळी जास्त झिजते ती तळावरून उठते-पडते तिथे, म्हणजे नेमकी न दिसणाऱ्या जागी. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला ती उचलून बघावी. दोर काठाला घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवावा. भंगारात मिळतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, “सर, अल्लाह मालिक.” आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, ही शिकवण त्याच माणसाला पाठ असते. उंटाच्या जागी होडी धरायला फतवा लागत नाही.

मच्छीमार सोसायट्या डिझेल परताव्यासाठी बैठका घेतात, घ्यायलाच हव्यात. त्यातली एक बैठक खाडीत कोणाची होडी कुठे आणि किती साखळीवर, याचा नकाशा काढायला द्यावी. गाळ काढण्याचा अर्जही तिथूनच जावा, ऑक्टोबरातच, म्हणजे मेच्या आत कामाला दिवस मिळतील.