फळा, पडदा आणि बाई

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मास्तर-बाईंना एका रात्रीत मोबाईलवरून शिकवायला लागावे लागले. त्यांनी कसेबसे का होईना, पण निभावले. त्या धावपळीलाच आता ‘मिश्र अध्यापन’ हे भारदस्त नाव देऊन, ते सर्वांना येतेच असे जे गृहीत धरले जाते, त्याबद्दल मला बोलायचे आहे.

मी शिक्षक नव्हे. बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण नव्या यंत्राशी माणसांची गाठ पडते तेव्हा काय होते, ते जवळून पाहिले आहे. आमच्या बँकेत संगणक आला तेव्हा प्रशिक्षण केंद्रात आठवडाभर आम्हाला कळा दाबायला शिकवले. शाखेत परतलो तर समोर पेन्शनरांची रांग! शिकलेले सारे त्या रांगेत विरघळून गेले. खरे शिक्षण झाले ते ‘पॅरलल रन’च्या महिन्यांत. प्रत्येक नोंद लेजरातही करायची आणि यंत्रातही, संध्याकाळी दोन्हींच्या बेरजा जुळवायच्या. शेजारी दुसऱ्या शाखेतून आलेला, हे सारे आधी भोगलेला एक सहकारी बसलेला असे. व्याज यंत्राने काढावे, सही आणि सही करणाऱ्याचा चेहरा मात्र माणसाने पाहावा, ही वाटणी आम्ही त्याच्याकडून शिकलो.

शिक्षकांच्या शेजारी असे कोणी बसते का? सुमारे ४२ लाख शिक्षक-मुख्याध्यापकांसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला. करोनामुळे २०२० मध्ये तो ‘दीक्षा’वर, म्हणजे पडद्यावर गेला. १८ घटक, प्रश्नावली, प्रमाणपत्र. माझी भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, “मामा, एक व्हिडिओ संपेपर्यंत माझ्या पोळ्या लाटून व्हायच्या.” तिला दोष देववत नाही. फळा आणि पडदा यांची सांगड घालण्याची विद्या नुसत्या पडद्यावरून कशी यावी?

मुळात फळ्याशेजारी पडदा टांगला की मिश्र अध्यापन झाले, असे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क इथे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये गैरहजर मुलांसाठी आपले पाठ चित्रित करायला घेतले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, स्पष्टीकरण मुलांनी घरीच ऐकले तर वर्गातला वेळ अडलेल्या पोरांसाठी मोकळा होतो. कल्पना उत्तम, पण तिच्यात घरी यंत्र असणे गृहीत आहे. आपल्या कितीतरी घरांत मोबाईल एकच, आणि तो वडिलांच्या खिशातून शेतावर गेलेला. तेव्हा आपल्याकडे हे मिश्रण वर्गातच करावे लागेल. अर्धी मुले टॅबभोवती, अर्धी बाईंभोवती, मग अदलाबदल. चंद्राच्या कला पडद्यावर झकास कळतात. अपूर्णांक मात्र भाकरी मोडूनच शिकवावा. कोणता पाठ कुठे, आणि कोणत्या मुलाला पडद्यापासून उठवून जवळ घ्यायचे, हे ठरवता येणे हाच या प्रशिक्षणाचा गाभा असायला हवा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० मध्ये त्यांना जागतिक पुरस्कारही मिळाला. त्यांचे कोड सर्वत्र गेले. ते कधी वापरायचे आणि कधी नाही, हे कोडबरोबर जात नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी एका शिक्षकाने खऱ्या मुलांसमोर असा पाठ घ्यावा, बाकीच्यांनी मागे बसून पाहावा आणि नंतर निर्भीडपणे बोलावे. पुढच्या महिन्यात त्यानेच इतरांच्या वर्गात जाऊन शेजारी बसावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांना वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्यातले निम्मे तास तरी असे मोजावेत.

यावर ‘वेळ कुठे आहे?’ असा प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. दोनशिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्यापुढे चार इयत्ता बसतात. आम्ही प्रशिक्षणाला गेलो की शाखेत बदली माणूस येई, कारण काउंटर बंद ठेवता येत नसे. चौथीचा वर्ग मात्र बंद ठेवता येतो. त्याची तक्रार करायला तिथे पेन्शनरांची रांग नसते. टॅबची पुढची खरेदी करण्याआधी प्रत्येक केंद्राला एक बदली शिक्षक द्यावा. भाचीला हे सांगितले तेव्हा तिने एवढेच विचारले, “मामा, तो निवडणुकीच्या कामाला तर नाही ना लावणार?”