विश्लेषण : शंकरपट न्यायालयात वाचला, गोठ्यात वाचेल का?

तूर घरात आली, कापसाची वेचणी उरकत आली, की महागाव, उमरखेड, पुसद, आर्णी या पट्ट्यात पटाचे दिवस सुरू होतात. पूर्वी पानटपरीवर चिकटवलेली पत्रिका असे; आता मोबाइलवर रंगीत फलक फिरतात. बंदीची साडेसात वर्षे सरली, कायद्याची लढाई जिंकली. तरीही शंकरपटाच्या भवितव्याचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. त्याचे उत्तर आता दोन ठिकाणी ठरणार आहे : पटाच्या मैदानावर आणि शेतकऱ्याच्या गोठ्यात.

शंकरपट म्हणजे नेमके काय?

बैलजोड्यांची सरळ रेषेतली, थोड्या अंतराची वेगाची शर्यत म्हणजे शंकरपट. सपाट जमिनीवर शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या आखतात. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी घेऊन धुरकरी उभा राहतो, इशारा होतो आणि काही सेकंदांत सगळे संपते. सोबत धावणाऱ्या जोडीला मागे टाकणे प्रेक्षकांसाठी मोठी गोष्ट असते. पण निकाल घड्याळावर लागतो. दिवसभरात ज्या जोडीने सर्वांत कमी वेळ घेतला, ती पहिली. सेकंदाच्या शंभराव्या भागावर बक्षीस इकडचे तिकडे होते.

पश्चिम महाराष्ट्रातली शर्यत वेगळी. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा चढावर पळतो आणि त्याच्या पुढे घोडी असते. सांगली-कोल्हापूरकडे लांब पल्ल्याच्या गाड्या पळतात. विदर्भातला पट मात्र सरळ, छोटा आणि घड्याळाचा. भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत पट आणि रात्रीचे नाटक यांची जोडी ठरलेली. अमरावती जिल्ह्यातले तळेगाव दशासर तर पटासाठीच ओळखले जाते. तिथे महिलाही छकड्यावर उभ्या राहून जोडी हाकतात.

याला आपली ‘ड्रॅग रेस’ का म्हणता येईल?

अमेरिकेत दोन मोटारी शेजारी उभ्या करून पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ पळवण्याच्या शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. दोन पट्ट्या, सरळ रेषा, काही सेकंदांचा खेळ आणि घड्याळाचा निकाल : आराखडा पटासारखाच आहे.

साम्य इथेच संपत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी तरुण रस्त्यांवर शर्यती लावत आणि अपघात होत. १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली. ठरलेली धावपट्टी, वाहनाची तपासणी आणि सर्वांना एक नियम, अशी शिस्त तिने लावली. साठच्या दशकात मोठ्या इंजिनांच्या ‘मसल कार’नी गावोगावच्या धावपट्ट्या गाजवल्या. पुढे त्या मोटारींचा काळ सरला, तो शर्यतीवरच्या बंदीमुळे नाही. विम्याचे वाढलेले हप्ते, धुराचे कडक नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे त्या बाळगणे परवडेनासे झाले. शंकरपटाच्या बाबतीत हाच धडा महत्त्वाचा आहे. नियम पाळल्याने खेळाला मान मिळतो आणि खेळ टिकतो तो ज्यावर चालतो ते बाळगणे परवडले तरच.

बंदी का आली होती?

मुळाशी प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा आहे. या कायद्यानुसार खेळ-प्रदर्शनासाठी कोणते प्राणी वापरता येणार नाहीत, हे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते. ११ जुलै २०११ रोजी त्या यादीत बैलाचा समावेश झाला. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने ‘भारतीय प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराज’ या खटल्यात जल्लिकट्टू आणि बैलगाडी शर्यतींवर बंदी कायम केली.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते : बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, त्याची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी नाही. तो पळतो तो भीतीने आणि वेदनेने. शेपटी पिरगाळणे, टोचणे, चाबकाने मारणे असे प्रकार न्यायालयापुढे मांडले गेले होते. पटाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. हे आरोप हवेतून आलेले नव्हते. तुतारी (टोकाला खिळा असलेली काठी) जुन्या पटात उघडपणे दिसत असे.

मग शर्यती परत कशा सुरू झाल्या?

- जानेवारी २०१६ : केंद्राने अटींसह परवानगी देणारी अधिसूचना काढली. सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच तिला स्थगिती दिली.
- जानेवारी २०१७ : चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावरील आंदोलनानंतर तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली.
- २०१७ : महाराष्ट्र विधिमंडळानेही दुरुस्ती मंजूर केली. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास अंतरिम मनाई केली.
- फेब्रुवारी २०१८ : सर्व राज्यांच्या दुरुस्त्यांचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेला.
- १६ डिसेंबर २०२१ : सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात नियमांच्या चौकटीत शर्यती घेण्यास अंतरिम परवानगी दिली.
- १८ मे २०२३ : न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

मे २०१४ ते डिसेंबर २०२१ हा काळ सात वर्षे सात महिन्यांचा. बैलाच्या आयुष्याशी तो ताडून पाहा. २०१४ मध्ये जन्मलेल्या गोऱ्ह्याची धावण्याची उमेद होती ती वर्षे त्याने पट न पाहताच घालवली. म्हणजे बैलांची एक पूर्ण पिढी गेली. गोऱ्हा निवडणे, त्याला छकड्याची सवय लावणे, जोडीदार जुळवणे हे ज्ञान हाताखाली शिकायचे असते. त्या साखळीतही तेवढाच खंड पडला.

२०२३ च्या निकालाचा खरा अर्थ काय?

‘कोर्टाने परवानगी दिली’ एवढेच वाक्य गावात पोहोचले. निकालात त्यापेक्षा जास्त आहे. २०१४ चा निकाल तेव्हाच्या पद्धतीबद्दल होता. दुरुस्त कायदा आणि नियमांमुळे त्या पद्धतीत मोठा बदल झाला आहे आणि जनावराच्या वेदना कमी होतात, या आधारावर घटनापीठाने दुरुस्त्या मान्य केल्या. नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे का, हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे, असेही म्हटले.

म्हणजे परवानगी नियमांच्या खांबावर उभी आहे. नियम फक्त कागदावर राहिले, तर परवानगीचा खांबच पोखरला जाईल. टोचणीचा एक व्हिडिओ एका गावाची नाही, सगळ्या राज्याची बाजू कमकुवत करू शकतो.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो?

आपल्या भागासाठी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : राज्याच्या दुरुस्तीत बैलगाडी शर्यतीची व्याख्या करताना ‘बैलगाडा शर्यत’, ‘छकडी’ यांच्यासोबत ‘शंकरपट’ हे नाव थेट लिहिलेले आहे. विदर्भाच्या खेळाला कायद्यात स्वतःच्या नावाने जागा मिळाली आहे. शर्यत परंपरेने होत आलेल्या जिल्ह्यात आणि जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मान्य केलेल्या ठिकाणीच घेता येते.

आयोजकांनी लक्षात ठेवायच्या मुख्य अटी :

- जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि अनामत रक्कम.
- धावेचे अंतर १००० मीटरपेक्षा जास्त नको. विदर्भातला पट या मर्यादेच्या आतच असतो.
- बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आणि तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र.
- काठी, चाबूक, टोचणी, विजेचा धक्का यांना मनाई. उत्तेजक औषधांनाही मनाई.
- शर्यतीचे चित्रीकरण करून ते प्रशासनाला देणे.

उल्लंघन केल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पटाची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळातल्या पोरांनी हा आकडा पत्रिकेवरच्या बक्षिसाच्या रकमेशेजारी ठेवून वाचावा.

विरोधकांचे म्हणणे आता संपले का?

नाही. प्राणीहक्क कार्यकर्त्यांचा मुख्य आक्षेप असा की, बैल स्वतःहून शर्यत लावत नाही. काठी काढून घेतली तरी आरडाओरडा, शेपटी पिरगाळणे आणि गर्दीचा धाक राहतोच. पशुपालक सांगतात की, पटाच्या जोडीइतके लाड शेतातल्या कोणत्याच जनावराचे होत नाहीत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लाड वर्षभर होतात आणि आक्षेप धावेच्या त्या काही सेकंदांबद्दल आहे. म्हणून वर्षभराच्या खुराकाचे दाखले देऊन त्या सेकंदांचे उत्तर देता येत नाही. धाव सुरू होते ती जागा आणि सुटीची रेषा कॅमेऱ्यासमोर स्वच्छ ठेवणे, हेच त्याचे उत्तर.

जुन्या पटाच्या आठवणी काय सांगतात?

साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, आठवण शर्यतीपेक्षा त्याभोवतीचीच जास्त निघते. पाहुणे दोन दिवस आधी येत. पटातच सोयरिकी जुळत. जिलेबी-भज्यांची दुकाने लागत, बैलांच्या सौद्यांची बोलणी होत. हातातल्या घड्याळावर वेळ मोजली जाई, त्यामुळे वादही ठरलेले. बक्षीस भांड्यांचे किंवा थोड्या रोख रकमेचे. जिंकण्याचा खरा लाभ म्हणजे जोडीचे नाव दहा गावांत होणे आणि पुढच्या बाजारात तिला भाव मिळणे.

या आठवणींत एक आर्थिक सत्य दडलेले आहे. तेव्हा पटात पळणारी जोडी बहुधा शेतात राबणारीच होती. पोळ्याला ज्या जोडीपुढे झडत्या म्हटल्या जात, तीच वखराला आणि तीच पटाला. महागाव-पुसद भागातल्या बंजारा तांड्यांच्या इतिहासात तर बैल हीच पूंजी होती. मीठ आणि धान्य लादलेले बैलांचे तांडे घेऊन हा समाज देशभर फिरला. पट म्हणजे कष्टाच्या जनावराची वार्षिक परीक्षा होती.

मग आज अडचण कुठे आहे?

गोठ्यात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गोवंशातील नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याच काळात गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रात एकूण गोवंश सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. ट्रॅक्टर आला, तसा बैल शेतातून बाहेर पडत गेला.

चाऱ्याचे गणितही बदलले. विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, तसा घरचा कडबा संपला. सोयाबीनचे कुटार त्याची बरोबरी करत नाही. सरकी ढेप विकत आणावी लागते. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले. त्याला शेवटपर्यंत पोसण्याचा भार मालकावर आला. २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा गुरांचे बाजार आणि शर्यती दोन्ही थांबवाव्या लागल्या.

परिणामी, शेतात कधीच न जुंपलेली, फक्त धावण्यासाठी पोसलेली महागडी जोडी हा नवा वर्ग तयार झाला आहे. पश्चिम महाराष्ट्रात बक्षिसे ट्रॅक्टर आणि थार गाडीपर्यंत गेली. बक्षीस वाढले की बाहेरून येणाऱ्या नामांकित जोड्या वाढतात आणि दोन एकरवाला शेतकरी मैदानातून कुंपणाबाहेर, प्रेक्षकांत जातो.

पट टिकवायचा तर काय करता येईल?

पहिली गोष्ट पटसमित्यांच्या हातात आहे. तालुक्यातल्या, प्रत्यक्ष शेतात काम करणाऱ्या जोड्यांसाठी स्वतंत्र गट ठेवणे आणि एकूण बक्षिसाचा मोठा वाटा त्या गटाला देणे. मोठ्या रकमेच्या एका बक्षिसापेक्षा ढेपेच्या पोत्यांची वीस बक्षिसे गावातले जास्त गोठे चालू ठेवतील.

दुसरी गोष्ट पशुसंवर्धन विभागाशी संबंधित आहे. पटाच्या दिवशी पशुवैद्यक मैदानावर असतोच. त्याच दिवशी लसीकरण आणि देशी वळूंची नोंद होऊ शकते. विदर्भाची चपळ गवळाऊ आणि शेजारच्या नांदेडची लाल कंधारी या जाती वाचवण्यासाठी गर्दीचे यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही.

तिसरी गोष्ट प्रेक्षकांची. ज्या मोबाइलवर धावेचे व्हिडिओ फिरतात, त्याच मोबाइलवर नियमभंगही टिपला जातो. टोचणी दिसली तर ती जोडी बाद करा, असे गर्दीतून आवाज आले, तर प्रशासनाच्या तपासणीपेक्षा ते जास्त परिणामकारक ठरेल. न्यायालयाने दार उघडे ठेवले आहे. ते उघडे राहील की नाही, हे पौष-माघातल्या प्रत्येक पटात नव्याने ठरणार आहे.