शील पाठ होत नाही

पुष्कळ शाळांच्या भिंतींवर ‘नेहमी खरे बोलावे’ हे वाक्य ठळक अक्षरांत लिहिलेले असते. मुले ते रोज वाचतात. विचारल्यास घडाघडा म्हणूनही दाखवितात. तरी त्याच भिंतीखाली बसून एखादा मुलगा शेजाऱ्याच्या वहीतील गणित उतरून काढतो. वाक्य त्याला पाठ झाले. त्यातील शील मात्र अंगी आले नाही.

यावर कित्येक जण असा उपाय सुचवितात, की नीतिशिक्षणाचा स्वतंत्र तास ठेवावा, त्याची परीक्षा घ्यावी व तीत गुण द्यावेत. ही सूचना सद्हेतूची असली, तरी अपुरी आहे. गुणांसाठी खरे बोलणारा मुलगा, जेथे गुण मिळत नाहीत तेथेही खरे बोलेल, असा भरवसा कोणी द्यावा? पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही. शीलाचेही तसेच आहे. ते आचरणातच शिकावे लागते.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे तेथील वसतिगृहही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्यांत पसारा दिसला, तर गुरुजी रागावत नसत. ते स्वतः खोल्या झाडीत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवीत. आपले काम गुरुजी करतात, हे पाहून मुले मनोमन लाजली व आपली कामे आपण करू लागली.

त्याच १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. तो काळ शिवाशिवीचा होता. तथापि तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंगतीस बसत. मुलांच्या अन्नाची अडचण पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले. समता व त्याग हे शब्द त्या मुलांनी पुस्तकापेक्षा ताटात अधिक स्पष्ट पाहिले.

प्रत्येक शाळेला अशी थोर माणसे लाभतील असे नाही. परंतु प्रत्येक शाळेत वर्ग स्वच्छ ठेवावयाचा असतो, सापडलेली वस्तू परत करावयाची असते, डबा न आणलेल्या सोबत्याला आपल्यातला घास द्यावयाचा असतो. फळ्यावर चूक झाली असता जे शिक्षक ‘माझे चुकले’ असे मोकळेपणाने म्हणतात, ते त्या एका वाक्यात सत्याचा मोठा धडा देतात.

भिंतीवरील सुविचार खुशाल राहू द्यावा. पण ज्या मुलाने उत्तर उतरून घेतले नाही व म्हणून ज्याचे गुण कमी पडले, त्याचा त्या दिवशी तोटा होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा वेळी सोबती त्याला हसतात, की त्याच्या पाठीवर हात ठेवतात? शाळेने नीती किती शिकविली, हे तेथेच कळते.