उशिरा रडलेले बाळ आणि थायरॉइडची दुसरी तपासणी



गेल्या महिन्यात एक दादी नातवाची फाइल घेऊन आल्या. बाळ जन्मल्यावर लगेच रडले नव्हते. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला होता, झटकेही आले होते. नऊ दिवस एनआयसीयूमध्ये काढून, अल्हम्दुलिल्लाह, बाळ घरी आले होते. सातव्या दिवशी अकीका करता आला नाही म्हणून चौदावा दिवस ठरला होता, आणि नेमके त्याच दिवशी दवाखान्याने बाळाला पुन्हा रक्तासाठी बोलावले होते.

दादी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, थायरॉइडचा पहिला रिपोर्ट तर नॉर्मल आहे. पोरगं किती शांत आहे, उठवून दूध पाजावं लागतं. मग त्या जिवाला पुन्हा का टोचायचं?"

हा प्रश्न अनेक घरांत पडतो, म्हणून आज याच विषयावर लिहितो.

गळ्याच्या पुढच्या भागात थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातून टी-3 आणि टी-4 हे हार्मोन्स रक्तात येतात. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाचा हुकूम देते. पहिली दोन-तीन वर्षे बाळाचा मेंदू झपाट्याने वाढतो आणि त्या वाढीला हे हार्मोन्स लागतातच.

जन्म होताच, साधारण अर्ध्या तासात, निरोगी बाळाचे टीएसएच खूप वाढते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरते. म्हणूनच टाचेतून घ्यायचे रक्त शक्यतो 48 ते 72 तासांच्या दरम्यान घेतात. पहिल्या 24 तासांत घेतले तर चांगल्या बाळाचाही रिपोर्ट बिघडलेला दिसू शकतो.

गुदमरलेल्या बाळात हे चक्र विस्कटते. हुकूम देणारे केंद्र मेंदूतच असल्याने तेही मंदावू शकते. शिवाय गंभीर आजारात शरीर आपला खर्च कमी करते. त्यामुळे टी-3, टी-4 कमी होतात, पण टीएसएच वाढायला हवे तसे वाढत नाही. रक्तदाबासाठी दिलेले डोपामिन आणि स्टेरॉइडही टीएसएच खाली आणतात. त्वचेवर लावलेल्या आयोडीनच्या औषधानेही नवजात बाळाची थायरॉइड काही काळ दबू शकते. अशा वेळी फक्त टीएसएच पाहिले, तर रिपोर्ट नॉर्मल दिसूनही दोष लपलेला असू शकतो. म्हणून आजारी बाळाची तपासणी सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा करतात आणि त्या वेळी टीएसएचबरोबर फ्री टी-4 पाहणे चांगले.

आजारपणात कमी झालेले हे हार्मोन्स बहुतेक बाळांत तब्येत सुधारली की आपोआप वर येतात. अशा प्रत्येक बाळाला थायरॉइडची गोळी देत नाहीत. ती आपल्या मनाने सुरू करू नये. पण काही बाळांची थायरॉइड जन्मतःच कमी काम करते. त्यांना गोळी मिळाली नाही तर मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

खरा धोका इथेच आहे. मूल वर्षाचे झाले तरी बसत नाही, हाकेला ओ देत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, "जन्मताना रडलं नव्हतं ना!" या एका वाक्याने चौकशीच थांबते. ऑक्सिजनअभावी झालेली इजा आपण पुसू शकत नाही. थायरॉइडमुळे होणारी इजा मात्र एका गोळीने टाळता येते. दोन्ही गोष्टी एकाच बाळात असू शकतात.

लक्षणांची वाट पाहू नये. आईचे हार्मोन्स पोटात असतानाच बाळाला मिळालेले असतात, त्यामुळे सुरुवातीला बहुतेक बाळे ठीकच दिसतात. नंतर कावीळ लांबते, बद्धकोष्ठता होते, रडणे घोगरे होते, अंग थंड लागते, बेंबी फुगते, बाळ सुस्त पडून राहते. आपण मात्र "गुणाचं बाळ आहे" म्हणून कौतुक करतो. उठवून पाजावे लागणारे बाळ डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

दोष निघाला तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी रोज द्यावी लागते. सुरुवातीचा डोस साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम असतो. तो डॉक्टरच ठरवतात. औषध शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात द्यावी, पूर्ण बाटलीत मिसळू नये. लोह किंवा कॅल्शियमचे थेंब त्याच वेळी देऊ नयेत. मधात तर कालवूच नये. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. मूल टवटवीत दिसते म्हणून गोळी बंद करू नका. ती लागणार की नाही, हे बहुधा तीन वर्षांनंतर पुन्हा तपासून ठरवतात.

एनआयसीयूमधून घरी येताना डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी पाहा: थायरॉइडची तपासणी कितव्या दिवशी झाली, त्यात काय काय मोजले आणि पुन्हा कधी बोलावले आहे. लिहिलेले नसेल तर विचारायला संकोच करू नका.

दादींनी चौदाव्या दिवशी सकाळी बाळाचे रक्त दिले आणि दुपारी अकीका झाला. रिपोर्ट चांगला आला. तरी झटके, कान आणि वाढीच्या तपासण्या पुढे चालूच राहतील, हे त्यांना सांगितले आहे. दुआ तर आपण करतोच, पण इलाज करून घेणे हीसुद्धा सुन्नत आहे. शिफा देणारा अल्लाह आहे. वेळेवर टाच पुढे करणे आपले काम.