साहित्यसंमेलनाचे आसन आणि आपला शेजारधर्म

जानेवारी 2020 मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्र्याण्णवावे अधिवेशन भरले व वसईचे बायबलपंडित फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले. या आसनावर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. निवड जाहीर होताच काही मंडळींनी विरोधाचा गलबला केला, तो वाचकांस स्मरत असेलच. फादर 25 जुलै 2024 रोजी निवर्तले. परंतु त्या गलबल्याने उभा केलेला प्रश्न निवर्तला नाही. मराठी म्हणावे कोणास, हा तो प्रश्न होय.

आक्षेपकांचे म्हणणे प्रथम न्यायाने ऐकले पाहिजे. ते म्हणत, ज्याचे आयुष्य धर्मप्रसारास वाहिलेले, त्यास सर्वांच्या व्यासपीठावर का बसवावे? व्यासपीठाचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु हा नियम सर्व धर्मांच्या लोकांस सारखाच लागू केला पाहिजे. देवळातील कीर्तनकारास जो प्रश्न आपण विचारीत नाही, तो चर्चमधील पाद्र्यास विचारावयाचा, यास न्याय म्हणता येत नाही. मनुष्याची परीक्षा त्याच्या कृतीवरून व्हावी. फादरांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन वर्षानुवर्षे केले व त्याची दारे अन्यधर्मीय लेखकांस उघडी ठेवली; वसईची हिरवी जमीन राखण्याच्या चळवळीत ते सर्व जातिधर्मांच्या शेतकऱ्यांसह उभे राहिले; आणि ‘सुबोध बायबल’ लिहून एक जुना ग्रंथ आजच्या मराठीत आणला.

या अखेरच्या कामाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. धर्मग्रंथाचे भाषांतर म्हणजे केवळ कोश उघडून शब्द बदलणे नव्हे. पॅलेस्टाईनमधील रोटी मराठी बायबलात येते ती ‘भाकर’ होऊन. ज्वारीच्या कडक भाकरीवर वाढलेल्या आम्हां सोलापूरकरांस याचा अर्थ निराळा समजावून द्यावयास नको. तसेच कृपा, प्रार्थना, आत्मा हे शब्द पाहा. ते भाषांतरकारांनी परदेशाहून आणलेले नाहीत; आमच्या संतांनी घरोघरी रुजविलेल्या शब्दांतूनच ते घेतलेले आहेत. श्रद्धा निराळी असली तरी ती ज्या भांड्यातून वाढली जाते, ते भांडे एकाच स्वयंपाकघरातील आहे.

हा प्रकार कालपरवाचा नव्हे. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी आपले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले, ते 1616 साली छापून निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत व कीर्तनांत आणिली, आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून, अल्पशिक्षित बायकांसही समजेल अशा मराठीत बायबल उतरविण्याचे काम केडगावी केले, ते 1922 साली मृत्यू येईपर्यंत. आमचे व्यापारी पुण्यास जाताना ज्या केडगाव स्टेशनावरून नित्य जातात, तेच हे केडगाव. धर्म बदलला म्हणून या मंडळींनी मायभाषा टाकली नाही. उलट तिच्यात भर घातली.

आणि सोलापुराने तरी वेगळेपणाचे भय का बाळगावे? आमचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर. त्यांची वचने कानडीत. आमची चादर जगभर नेणाऱ्या विणकरांपैकी बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलली जाते. बाजारात उर्दू, कानडी व मराठी एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकू येतात. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फासावर गेलेले आमचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे. या चार नावांपुढे ‘खरा सोलापूरकर कोणता’ असे विचारण्याचे धैर्य कोणास होईल? उस्मानाबादचे संमेलन आटोपले तीही तारीख 12 जानेवारीच होती. हा योगायोग असेल. परंतु त्यातून बोध घेण्यास कोणाची हरकत नसावी.

दोष एकाच बाजूस आहे, असे आम्ही म्हणत नाही. ख्रिस्ती समाजातही जातिभेद शिरला व टिकला, हे त्यांच्यातील विचारी लोकच कबूल करतात. आपल्या धर्माची उणीव आपण दाखवावी व शेजाऱ्याच्या धर्माचा गुण पाहावा, हाच सुधारणेचा सरळ मार्ग होय.

व्याख्यानाने हा मार्ग चालता येत नाही. भाड्याने खोली देताना आडनाव विचारून मागे हटणारा घरमालक, नोकर ठेवताना त्याचे दैवत विचारणारा दुकानदार, आणि पोरांच्या मैत्रीत जात शोधणारे आईबाप, यांनी संमेलनात सहिष्णुतेवर कितीही टाळ्या वाजविल्या तरी त्या व्यर्थ आहेत. पेढीवर बसताना आपण नाणे खरे की खोटे एवढेच पाहतो. ते कोणत्या हातून आले हे पाहत नाही. हाच चोख व्यवहार माणसांशी केला, तर संमेलनाचे आसन कोणास मिळाले याची चिंता करण्याचे कारण उरणार नाही.